पिझ्झ्याचा रेट

लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या रविवारी वाल्मीक रामटेके सकाळी सहाला उठले, अंघोळ केली, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हटली, कौसल्येच्या हातचा चहा घेतला आणि जाहीर केलं की नऊशे पंच्याण्णव रुपयांची पोळी खायला आपण काही येणार नाही.

चूक देविकेची होती. बापाला पार्टी द्यायची तर त्याला आधी मेनूकार्ड पाठवू नये, एवढंही या मुलीला कळू नये? नोएडात राहायला गेल्यापासून तिला आईबापांचा स्वभाव विसरायला झालं होतं. तिनं फॅमिली ग्रुपवर मेनू टाकला, तोही किमतींसकट, आणि खाली लिहिलं, 'बाबा, काय खायचं ते आधीच ठरवून ठेवा!' बाबांनी ठरवून ठेवलं होतं.

"पोळी नाही हो, पिझ्झा," कौसल्या म्हणाली.

"मैदा, टोमॅटो, चीज, वर चार पानं तुळशीची. हजार रुपये! सदतीस वर्षं मी सीपीडब्ल्यूडीत काढली, कौसल्या. भिंतीला विटा किती, सिमेंट किती, मजुरी किती, वर ठेकेदाराचा नफा पंधरा टक्के. त्याच्यावर एक रुपया मी कुणाला दिला नाही. घेतला तर नाहीच नाही."

हे मात्र खरं होतं. केंद्राच्या बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून दिल्लीत आलेला हा माणूस असिस्टंट इंजिनिअर म्हणून रिटायर झाला, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आला, पण रेट अ‍ॅनालिसिसचा नाद काही सुटला नाही. प्रत्येक वस्तूची किंमत आतून उलगडून बघायची आणि मग ती योग्य की अयोग्य ते सांगायचं, ही रामटेक्यांच्या घरातली रीतच होती. देविकेच्या लग्नातला मांडव त्यातून सुटला नाही. अतुलसाठी मुलगी बघायला गेले तेव्हा अरुणाच्या वडिलांना त्यांनी ओट्याच्या ग्रॅनाइटला स्क्वेअर फुटामागे किती मोजले ते विचारलं आणि फसलात म्हणून सांगितलं. लग्न तरीही झालं, हे अरुणाच्या वडिलांचं मोठेपण.

एरवी कौसल्येनं नवऱ्याला खुशाल घरी बसू दिलं असतं आणि वरणभात टाकला असता. पण आज त्यांना न्यायलाच हवं होतं, आणि कारण होतं उन्नती.

उन्नती म्हणजे अतुलची एकुलती एक. पहिल्याच फटक्यात परीक्षा पास होऊन तेविसाव्या वर्षी मिनिस्ट्रीत असिस्टंट सेक्शन ऑफिसर झाली, तेव्हा वाल्मीकरावांनी अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले होते. मग तिनं यूपीएससीसाठी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली. जूनमधली परीक्षा हुकली. ऑगस्टपासून ती रोज सकाळी दप्तर घेऊन 'लायब्ररीत' जायची, आणि ती लायब्ररी म्हणजे गुडगावातल्या एका महागड्या पिझ्झा रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर होतं. आधी नुसती बघायला, मग शिकायला, आणि जानेवारीपासून मुख्य भट्टीवर. रजा आज संपत होती. उद्या सोमवारी एकतर मिनिस्ट्रीत हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा टेकवायचा. पोरीचं मन ठरलं होतं, पण पाय अडत होता. "आबांनी हो म्हटल्याशिवाय मी राजीनामा देणार नाही, आजी," ती म्हणाली होती, "आणि आबांना सांगायची माझी हिंमत नाही."

मग घरातल्या तिन्ही बायकांनी कट केला. कौसल्या, सून अरुणा आणि लेक देविका. वाल्मीकरावांना तिथंच जेवायला न्यायचं. पहिला घास पोटात गेला आणि तोंडातून 'वा' निघालं की उन्नतीला आतून बाहेर आणायचं. स्तुती करून बसलेला माणूस लगेच शिव्या देऊ शकत नाही, हा कौसल्येचा पन्नास वर्षांचा अनुभव. अतुलला मात्र काहीच सांगायचं नाही असं ठरलं, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. लहानपणी देविकेनं शाळा बुडवली की ती घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची.

"बरं, नका येऊ," कौसल्या कप उचलत म्हणाली. "पण घरी बसून रेट काढताय, तो कसा काय? साइट न बघता?"

वाल्मीकरावांनी पेपराची घडी केली. मग उठले आणि बूट शोधायला लागले.

"उन्नती नाही येत?" गाडीत बसताना त्यांनी विचारलं.

"तिची मॉक टेस्ट आहे," अरुणा खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"बिल्कुल बरोबर. परीक्षा आधी. पिझ्झा काय पळून जातो?"

देविका नोएडाहून थेट गुडगावला येऊन दारातच उभी होती. रेस्टॉरंटचं नाव इटालियन होतं. देविकेला ते तीन प्रयत्नांत जमलं, अरुणानं नाद सोडला. अतुलनं मात्र ते पहिल्याच झटक्यात, अगदी सफाईनं म्हटलं. कौसल्येला शंका यायला हवी होती ती तेव्हाच.

आत छान गार होतं. टेबलांवर कापड नव्हतं, प्रत्येकापुढे जाड तपकिरी कागद अंथरला होता. मागच्या बाजूला काचेची भिंत, आणि काचेपलीकडे विटांची घुमटाकार भट्टी. भट्टीपुढे टोपी आणि मास्क घातलेली चार-पाच माणसं भराभर हात चालवत होती. त्यातली एक पाठमोरी, किरकोळ बांध्याची. कौसल्येनं तिकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर वळवली, आणि मुद्दाम वाल्मीकरावांना काचेकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसवलं.

"कागद चांगला आहे," वाल्मीकराव म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्या कागदावर रकाने आखायला घेतले.

"बाबा, प्लीज," देविका कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू दे. त्यांनाही कळेल. हां, अतुल, लिही... म्हणजे ऐक. मैदा बारा रुपये. टोमॅटो वीस. चीज इटालियन आहे म्हणतात, धर दीडशे. तेल, मीठ, पाला, वीस. सरपण पंधरा. नासाडी पाच टक्के."

"आणि मजुरी?" अतुलनं विचारलं. अतुल अशा वेळी नेहमी बापाच्या बाजूला असायचा.

"मजुरी काय? बेलदार एक, पाव तास."

"मिस्त्री नाही लागणार?" कौसल्येनं शक्य तितक्या सहज विचारलं.

"मिस्त्री कशाला? पीठ पसरायचं, वर सामान टाकायचं, फावड्यानं आत सारायचं. हे बेलदाराचं काम."

त्यांनी रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'बेलदार – १'.

कौसल्येनं तो शब्द दोनदा वाचला. बेलदार म्हणजे साइटवरचा बिगारी, घमेली वाहणारा आणि फावडं मारणारा, सगळ्यात खालच्या मजुरीचा माणूस. तो शब्द त्या घरात हलका नव्हता. वाल्मीकरावांचे वडील सुखदेव वर्ध्याकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली चाळीस वर्षं राबले. वीट अशी लावायचे की ओळंबा लावायची गरज नसे. कमानी बांधायचे. पण ठेकेदाराच्या मस्टरवर त्यांचं नाव जन्मभर बेलदारांच्या रकान्यात राहिलं, कारण रामटेक्यांच्या वस्तीतला माणूस मिस्त्री असतो हे लिहायला मुकादमाचा हात धजत नव्हता. दर शनिवारी त्या रकान्यात अंगठा उठवायचा आणि बेलदाराचे पैसे घ्यायचे. त्या अंगठ्यांच्या पैशावर वाल्मीक डिप्लोमापर्यंत शिकले. आज त्याच माणसानं आपल्या नातीला त्याच रकान्यात टाकलं होतं, न बघता.

"एकूण धरून, नफा लावून," वाल्मीकराव पेन मिटत म्हणाले, "तीनशे दहा. वरचे सहाशे पंच्याऐंशी हवेचे."

"एसीची हवा पण आहे ना बाबा," अतुल म्हणाला आणि दोघं बापलेक खूश होऊन हसले. अरुणानं नवऱ्याकडे अशी नजर टाकली की दुसरा एखादा असता तर हसायचा थांबला असता.

पहिला पिझ्झा आला. हरीश नावाची पट्टी लावलेल्या वेटरनं तो मधोमध ठेवला. कडा फुगलेल्या, त्यांवर काळे-तपकिरी ठिपके, मध्ये लालभडक टोमॅटो आणि पांढरं चीज विरघळत चाललेलं. तिन्ही बायका श्वास रोखून वाल्मीकरावांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी तुकडा उचलला, खालून वाकून बघितला, चावला.

"कसंय बाबा?" देविका.

"गरम आहे."

दुसरा तुकडा घेतला. "आता?"

"अजून गरमच आहे."

पण कौसल्येनं एक गोष्ट टिपली. पावाची असो की पोळीची, कड टाकून द्यायची सवय असलेल्या या माणसानं दोन्ही तुकड्यांच्या कडा खाल्ल्या होत्या. शेवटचा कण बोटानं टिपून. 'वा' गळ्यापर्यंत आलं होतं. आणखी एक घास, की बाहेर पडलंच असतं.

तेवढ्यात हरीश दुसरा पिझ्झा घेऊन आला आणि अतुलकडे बघून त्याचा चेहरा खुलला.

"अरे सर, नमस्ते! आज कोने वाली टेबल नहीं? फॅमिली के साथ आए हैं, बहुत अच्छा! मार्गेरिटा तो आपकी फिक्स है ना, वो भी लगवा दूं?"

अतुलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुझी फिक्स आहे?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"तसं काही नाही बाबा. कधीतरी."

"हर दूसरे शनिवार को आते हैं सर," हरीशनं कौतुकानं माहिती पुरवली आणि तो निघून गेला. काही माणसं भल्यासाठी बोलतात आणि घर पेटवून जातात.

"शनिवारी तुमच्या ऑफिसात पेंडिंग फाइली असतात ना?" अरुणा म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता की कौसल्येलाच मुलाची दया आली.

"दर दुसऱ्या शनिवारी हजार रुपये?" वाल्मीकराव खुर्चीत पुढे सरकले. "अतुल, हवेचे पैसे म्हणून आत्ता हसलास माझ्याबरोबर. मग येतोस कशाला?"

माणूस जीभ आवरू शकतो, डोळे नाही. अतुलची नजर काचेकडे गेली. वाल्मीकराव खुर्चीवर वळले.

काचेपलीकडे ती पाठमोरी, किरकोळ पोरगी पिठाचा गोळा हातावर घेत होती. दोन्ही मुठींवरून, मग मनगटांवरून, मग थेट कोपरापर्यंत ते पीठ ओघळू दिलं, हलकेच उडवलं, पुन्हा झेललं. लाटणं नाही, पोळपाट नाही. पीठ पातळ होत गेलं पण कुठं फाटलं नाही.

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमागच्या अंगणात पालथ्या माठावर कौसल्या अशीच लांब रोटी करायची. सासूनं शिकवली होती. नागपूर-वर्ध्याकडच्या बायकांची ती कला, सैल भिजवलेली कणीक हातांवर लांबवत न्यायची आणि तापलेल्या माठावर टाकायची. उन्नतीनं शाळेत असतानाच ती आजीकडून उचलली होती.

वाल्मीकराव बराच वेळ बघत राहिले.

"कौसल्या," ते हळूच म्हणाले, "हे हात तुझे आहेत."

अरुणानं हातातला तुकडा परत ताटलीत ठेवला.

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून, बाबा," अरुणा म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"देविका, तुला?"

"हो बाबा."

"अतुल?"

"फेब्रुवारीत तिचं मनगट भाजलेलं दिसलं," अतुल खाली बघत म्हणाला. "पुस्तक वाचून कुणाचं मनगट भाजत नाही. एकदा मागोमाग आलो. मग येतच राहिलो. त्या खांबामागं बसतो. तिला दिसत नाही तिथून."

अरुणानं नवऱ्याकडे बघितलं आणि मघाची नजर गुपचूप परत घेतली. तोंडात तीळ न भिजणाऱ्या माणसानं दीड महिना अख्खा पिझ्झा पोटात ठेवला होता.

"म्हणजे साइट चालू," वाल्मीकराव म्हणाले, "आणि इंजिनिअर सोडून सगळ्यांना ठाऊक."

हे ते हसण्यासारखं बोलले, पण आवाज हसत नव्हता. त्यांना लागलं होतं. कौसल्येला ते दिसत होतं आणि तिला स्वतःचा राग येत होता. कट करताना या गोष्टीचा विचारच झाला नव्हता. सगळ्यांनी मिळून त्या म्हाताऱ्याला एकटं पाडलं होतं, तेही त्याच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला.

"तीन पिढ्या लागल्या," ते पुढे म्हणाले. "माझ्या बापाच्या हातातलं फावडं-घमेलं सुटायला तीन पिढ्या. पोरगी पंख्याखाली खुर्चीत बसली, नावापुढे ऑफिसर लागलं. आणि आता पुन्हा भट्टीपुढे, पुन्हा हातात फावडंच?"

त्याच क्षणी काचेपलीकडे उन्नतीनं लांब दांड्याच्या फावड्यानं पिझ्झा भट्टीत सारला.

"चुकलं आमचं," कौसल्या म्हणाली. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. माझंच चुकलं, पोरीचं नाही. पण तुम्हीही एक चूक केलीत. साइट न बघता रेट भरलात. जा, आधी बघून या."

वाल्मीकरावांनी कागदाकडे बघितलं. 'बेलदार – १'. ते उठले आणि काचेच्या दाराकडे निघाले. एक म्हातारा थेट स्वयंपाकघरात शिरतोय म्हणून हरीश पळत आला, पण सदतीस वर्षं साइटवर घुसलेल्या माणसाची चाल बघून त्यानंच दार उघडून दिलं. कौसल्या मागोमाग गेली.

उन्नतीनं वळून बघितलं. हातातलं फावडं तिनं बंदुकीसारखं सरळ धरलं आणि ती ताठ उभी राहिली.

"आबा."

वाल्मीकरावांनी बोटांच्या पेरांनी भट्टीच्या घुमटावर बाहेरून टकटक केलं आणि कान लावला.

"विटा?"

"फायरब्रिक," उन्नती म्हणाली. "तळाच्या चार भेगाळल्या होत्या. मी बदलल्या."

"तू?"

"मिस्त्री दोन दिवस येतो येतो म्हणाला, आला नाही. तुम्ही लहानपणी दाखवलं होतं ना, सांधा जितका पातळ तितका चांगला."

"हं. सरपण? हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की लाकूड बंद करतात ना?"

"तेव्हा गॅसवर जातो. चव थोडी उतरते. गिऱ्हाइकाला तसं सांगतो."

वाल्मीकरावांनी मान हलवली. एका बाजूला झाकणाचे डबे रचून ठेवले होते. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, वेळ, बॅच नंबर आणि खाली बारीक सही. त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय?"

"पीठ. गुरुवारचं आज वापरतो. बहात्तर तास थंडीत ठेवायचं."

"मैद्याला तीन दिवस?"

"आधी वापरलं तरी फुगतं आबा. दिसायला सेम टू सेम. पण आतून ताकद येत नाही, आणि खाणाऱ्याच्या पोटात दगड होतो."

"क्युरिंग," वाल्मीकराव स्वतःशीच म्हणाले.

"क्युरिंगच."

स्लॅब टाकला की अठ्ठावीस दिवस पाणी मारायचं, काँक्रीटचे ठोकळे भरून त्यांवर तारीख आणि सही घालायची, ताकद तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. कौसल्येला हे सगळं पाठ होतं, जेवणाच्या ताटावर ऐकून ऐकून.

"आणि एखादी बॅच बिघडली तर?"

"फेकते. मागच्या मंगळवारी फ्रिज बंद पडला होता. चाळीस गोळे फेकले."

"मालक काही बोलला नाही?"

"खूप बोलला. म्हणाला, चालवून घे, कुणाला कळतंय. मी म्हटलं, डब्यावर माझी सही आहे. माझ्या सहीनं हे बाहेर जाणार नाही."

वाल्मीकरावांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. चष्म्याला काही झालं नव्हतं. कौसल्येला एका शाळेचा स्लॅब आठवला. ठोकळे कमी ताकदीचे निघाले म्हणून यांनी तो पाडायला लावला होता. ठेकेदार घरी मिठाई घेऊन आला, मग धमकी घेऊन आला, आणि शेवटी बदलीची ऑर्डर आली. दोन वर्षं ती दोन पोरं घेऊन दिल्लीत एकटी राहिली होती. तेव्हा हा माणूस हेच म्हणाला होता, माझ्या सहीनं नाही. उन्नतीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

"खोटं का बोललीस माझ्याशी?" त्यांनी विचारलं. आता आवाज आजोबाचा होता.

उन्नतीचे डोळे भरले. "तुम्ही नको म्हणाला असतात तर मी सोडून दिलं असतं आबा. आणि मला सोडायचं नव्हतं."

भट्टीत लाकूड तडतडलं. बाजूचे पोरगे नजर खाली घालून कांदे चिरायला लागले होते, चिरायचे नव्हते तेही.

"एक करून दाखव," वाल्मीकराव म्हणाले. "माझ्यासमोर."

तिनं केला. ते हात मागे बांधून उभे राहिले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दीड मिनिटात पिझ्झा बाहेर आला.

"टेबलावर आण," ते म्हणाले. "तू स्वतः आण."

ते टेबलाशी परतले, खुर्ची ओढली आणि पेन उघडलं. पाठीमागून उन्नती पिझ्झा घेऊन आली. अरुणानं सरकून तिला जागा दिली, टेबलाखाली तिचा हात धरला आणि खांबाची गोष्ट तिच्या कानात सांगितली. अतुलनं काही न विचारता लेकीच्या भाजलेल्या मनगटावरून अंगठा फिरवला.

"पप्पा, तुम्ही खांबामागं बसायचात?" उन्नतीनं विचारलं. "हरीश सांगत होता, एक अंकल येतात, कडा आधी खातात. मी कधी बघितलंच नाही."

"गप बसा," वाल्मीकराव म्हणाले. "हिशेब चुकेल."

त्यांनी 'बेलदार – १' वर एक सरळ रेघ मारली. नुसती खोडली नाही. सरकारी पद्धतीनं शेजारी तारीख घातली आणि छोटी सही केली, म्हणजे दुरुस्ती कुणी आणि कधी केली ते कायम राहावं. मग वर लिहिलं, 'मिस्त्री, प्रथम श्रेणी – १'. पाव तास खोडून तीन दिवसांची देखरेख घातली. भट्टीची झीज घातली. फेकलेल्या चाळीस गोळ्यांची नासाडी सगळ्या पिझ्झ्यांवर वाटली. ओठ हलवत बेरीज केली, पुन्हा केली.

"अकराशे चाळीस," ते म्हणाले. "हे लोक तोट्यात विकतायत. अतुल, मालकाला बोलाव."

"बाबा!" देविका ओरडली आणि सगळं टेबल हसायला लागलं. शेजारच्या टेबलावरची माणसंही वळून हसली, कशाला ते न कळता.

"मिस्त्रीला वर चढवलंत, छान झालं," कौसल्या म्हणाली. "आणि ज्या बाईनं मिस्त्रीला शिकवलं तिचं काय? पन्नास वर्षं थापतेय. मी कुठल्या श्रेणीत?"

वाल्मीकरावांनी कागद वरपासून खालपर्यंत बघितला, जणू तिथं खरंच एखादी जागा सापडेल.

"तू सरकारी रेटच्या शेड्यूलमध्ये नाहीस," ते म्हणाले.

"म्हणजे फुकट?"

"म्हणजे रेट निघत नाही."

देविकेनं टाळी वाजवली, अरुणानं 'वा!' म्हटलं. अखेर त्या टेबलावर 'वा' निघालं, पण चुकीच्या माणसाच्या तोंडून. कौसल्या पदर सारखा करत "सुचलं एकदाचं पन्नास वर्षांनी" असं पुटपुटली. तिला इतका आनंद झाला होता की तो लपवायला तिनं घाईघाईनं एक मोठा तुकडा तोंडात घातला आणि जीभ भाजून घेतली.

"आबा," उन्नती म्हणाली. "उद्या सोमवार."

हसणं ओसरलं.

"पेन्शन नाही," वाल्मीकराव म्हणाले. "क्वार्टर नाही, मेडिकल नाही. मालकाचा मूड बदलला तर हे पण नाही. माहीत आहे?"

"माहीत आहे."

"भीती वाटते?"

"वाटते."

"मलाही वाटते," ते म्हणाले. "खूप वाटते. वाटू दे. राजीनाम्याचा ड्राफ्ट मी लिहून देतो. तुमच्या पिढीला 'रिस्पेक्टफुली' कुठं घालायचं ते कळत नाही."

उन्नतीनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांच्या निळ्या शर्टावर पीठ लागलं आणि कुणी झटकलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "सही कर खाली. काम ज्यानं केलं त्याची सही लागते."

उन्नतीनं पेन घेतलं. कागद सरकू नये म्हणून तिनं डाव्या हातानं तो दाबून धरला आणि झोकात सही केली. हात उचलला तेव्हा तपकिरी कागदावर, 'मिस्त्री, प्रथम श्रेणी'च्या शेजारी, पिठाचा पांढरा अंगठा उठला होता. एकेक रेषा दिसत होती.

"सॉरी आबा," ती पुसायला गेली.

वाल्मीकरावांनी तिचा हात धरला. त्या अंगठ्याकडे ते इतका वेळ बघत राहिले की हरीश बिल घेऊन आला तो तसाच दोन पावलं मागं जाऊन थांबला.

"राहू दे," ते म्हणाले. "माझ्या बापाचा अंगठा चाळीस वर्षं चुकीच्या रकान्यात उठला. हा बरोबर रकान्यात आहे."